दालमिलवर १० किलोवॅट हायब्रिड सोलर अन् लिथियम बॅटरी: काय चाललं, काय नाही चाललं

दर्यापूर तालुक्यात आमची छोटी दालमिल आहे. अकोल्याच्या एमआयडीसीत आहेत तशी मोठी नाही, पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या मिनी दालमिलवर सुरुवात केली होती मग चाळणी आली, एलिव्हेटर आलं, तूर सोलणारा रोलर मोठा घेतला, असं करत करत वाढली. गावची अन् आजूबाजूच्या खेड्यातली तूर, हरभरा, मूग भरडून देतो, थोडी आपली दाळ पण विकतो. २०२४ च्या दिवाळीनंतर सोलर बसवलं अन् तेव्हापासून जो येतो तो पोतं उतरवायच्या आधी वर टिनाकडे पाहतो अन् तेच विचारतो, भाऊ किती लागले, सबसिडी किती भेटली, रात्री चालते का. आता एक पूर्ण तुरीचा हंगाम, एक मे महिना अन् एक पावसाळा पाहून झाला, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो, पुढे कोणी विचारलं की हेच पाठवून देईन.

सबसिडीचं आधी. नाही भेटली, भेटतच नाही. पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली ती घरगुती मीटरवाल्यांसाठी आहे, ३ किलोवॅट अन् त्याच्या वर जास्तीत जास्त ७८ हजार. मिलचं मीटर इंडस्ट्रियल, दुकानाचं कमर्शियल, आपल्याला त्यातलं काही नाही. "बसवून घ्या साहेब, सबसिडी करून देतो" असं कोणी मिलवाल्याला सांगत असेल तर त्याला चहा पाजा अन् वाटेला लावा. धंदेवाल्याला फायदा आहे तो इन्कम टॅक्समध्ये, सोलरवर ४० टक्के घसारा धरता येतो, पण त्यासाठी आधी तेवढा नफा पाहिजे, ते आपल्या सीएलाच विचारा. आणखी एक, सोलरच्या सामानावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. आम्ही १२ नं घेतलं, आमचं जाऊ द्या, पण तुम्हाला कोणी जुनंच कोटेशन तारीख बदलून देत असेल तर तेवढी लाईन नीट वाचा.

आता माल काय आहे ते. टिनाच्या शेडवर ५५० वॅटचे १८ पॅनल, खाली थ्री फेज १० किलोवॅटचा हायब्रिड (पॅनल, लाईन अन् बॅटरी तिन्हीवर चालणारा) इन्व्हर्टर, अन् ५१.२ व्होल्ट १०० एएच च्या तीन लिथियम बॅटऱ्या. एका बॅटरीत ५.१२ युनिट म्हणजे तीन मिळून १५ च्या थोडं वर. सगळं मिळून नऊ लाखाच्या वर गेलं, त्यात तीन लाख नुसत्या बॅटरीचे. व्हेंडरनं आधी बायफेशियल पॅनलचा आग्रह धरला होता, मागून पण वीज बनते म्हणून. पण पॅनल टिनाला चिकटवून चार बोटं वर बसवणार असाल तर मागून उजेड येणार कुठून? उंच स्ट्रक्चर असेल, खाली पांढरी गच्ची असेल तर गोष्ट वेगळी. आम्ही साधे मोनो पर्कच घेतले.

बॅटरी काहून घेतली हे मात्र नीट सांगावं लागते, कारण इथंच लोक फसतात. साधं ऑनग्रिड, म्हणजे बिना बॅटरीचं नुसतं लाईनला जोडलेलं सोलर घेतलं की लाईन गेल्याबरोबर सोलर पण बंद होते, भर दुपारी बारा वाजता डोक्यावर ऊन असलं तरी. तो बिघाड नाही, मुद्दामच तसं बनवलेलं असते, नाहीतर लाईनमन खांबावर चढला असताना तुमच्या टिनावरची वीज तारेत जाऊन त्याचा जीव जाईल. म्हणजे ज्याची लाईन चोवीस तास टिकते त्याला ऑनग्रिड बेस्ट, पैसे लवकर वसूल. आमच्याकडे लाईन कशी आहे हे खेड्यात राहणाऱ्याला सांगायची गरज नाही. चंद्रपूरचं थर्मल एकटं २,९२० मेगावॅटचं, कोराडी अन् खापरखेडा वेगळंच, अन् आम्ही त्याच विदर्भात टॉर्च घेऊन फ्युज पाहून राहिलो, पण ते भांडण इथं नको.

दालमिलमध्ये लाईन जाणं म्हणजे नुसता अंधार नाही. रोलर फिरत असते, वरून हॉपरमधून तूर पडत असते अन् अचानक सगळं थांबते. एमरी रोलर अन् बाहेरची जाळी यांच्यामध्ये जेवढी तूर असते ती तिथंच अडकून बसते, अर्धी सोललेली, अर्धी फुटलेली. लाईन आली म्हणून तसंच बटन दाबलं तर मोटर नुसती घुंsss करते, पट्टा जळल्याचा वास येतो, नाहीतर एमसीबी पडते. मग नट खोला, जाळी काढा, हातानं अन् खराट्यानं सगळा माल बाहेर काढा, त्यात चुनी अन् दाळ अन् अख्खी तूर सगळं एक झालेलं, ते परत चाळा, परत बसवा. तोवर लाईन परत जाते! अन् ज्याची तूर असते तो समोर पोत्यावर बसून पाहत असतो, त्याला वाटते आपल्या दाळीची तूट इथंच झाली. जनरेटर होता आधी, पण लाईन गेल्यावर तो सुरू करेपर्यंत रोलर थांबलेलाच, अन् छोट्या जनरेटरवर लिटरमागं तीनेक युनिट निघतात, म्हणजे डिझेलच्या भावात युनिट तीस रुपयाच्या घरात पडते.

हायब्रिडवर आता काय होते, लाईन गेली की इन्व्हर्टर डोळ्याची पापणी लवायच्या आत बॅटरीवर घेतो अन् रोलर थांबत नाही. दुपारी तर बॅटरी जवळपास उतरतच नाही, पॅनलची वीज थेट मोटरला जाते, बॅटरी फक्त ढग आला की कमी पडते तेवढं भरून काढते. आमच्या फीडरवर आणखी एक रोग आहे, कधी कधी तीनपैकी एकच फेज राहतो, घरातले बल्ब चालू अन् मिल बंद. त्यातही इन्व्हर्टर एक फेज गेला की लाईन गेली असंच धरतो अन् स्वतःवर घेतो. ह्या एका गोष्टीसाठी मी पाचपैकी पाच स्टार देतो, कोणी काही म्हणो.

पण व्हीएफडी (मोटर हळूहळू वेग वाढवत सुरू करणारं यंत्र) शिवाय हे जमत नाही, हे कोटेशनमध्ये नव्हतं. साडेसात एचपीची मोटर चालू असताना अकरा अँपियरच्या आसपास घेते, पण डायरेक्ट सुरू करताना त्याच्या सहा-सात पट ओढते. १० किलोवॅटचा थ्री फेज इन्व्हर्टर एका फेजवर चौदा अँपियर देतो. मग करा हिशोब. पहिल्या दिवशी बॅटरीवर मोटर सुरू करायला गेले अन् इन्व्हर्टर ओव्हरलोड दाखवून आडवा झाला, व्हेंडरचा पोरगा म्हणे १५ किलोवॅटचा घ्यावा लागेल. आमचा गावातला वायरमन पोरगा, दहावी नापास आहे पण डोकं आहे, तो म्हणाला, "काका, मोठा कायले घेता, व्हीएफडी लावा ना, मोटर हयूहयू उचलते." लावला, वीस-पंचवीस हजारात काम झालं. आधीच सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

"रात्री चालते का" याचं उत्तर: चालते, पण चालवू नका. १५ युनिटची बॅटरी म्हणजे १५ युनिट वापरायला भेटत नाहीत, थोडं खाली शिल्लक ठेवावंच लागते, थोडं इन्व्हर्टर खातो, हाती बारा-तेरा धरा. रोलर अन् एलिव्हेटर मिळून पाच किलोवॅट ओढतात म्हणजे दोन-अडीच तास, अन् सकाळी बॅटरी रिकामी. आम्ही तिचं काम एवढंच ठेवलं आहे की हातातला लॉट संपला पाहिजे अन् शेवटी रोलर रिकामा करून बंद करता आला पाहिजे. त्याच्यासाठी तीन पण जास्त होतात, दोनमध्ये भागलं असतं. व्हेंडर तर सहाचं कोटेशन घेऊन आला होता, म्हणे रात्रभर चालवा. रात्रभर दाळ करून कोणाला नेऊन द्यायची आहे?

हिशोब पाहा. लिथियम बॅटरी रोज पूर्ण वापरली अन् कंपनी सांगते तशी चार हजार वेळा चालली तर तीन लाखाचे पन्नास हजार युनिट निघतात, म्हणजे एक युनिट साठवायलाच सहा रुपये. वरून ती वीज बनवायचा खर्च वेगळा. आमच्या बिलात सगळं धरून युनिट आठच्या आसपास पडते, मग लाईन असताना बॅटरीतून मिल चालवून कमावलं काय? डिझेलच्या तिशीपुढे मात्र ती स्वस्त आहे. त्याच्यापेक्षा दाळच साठवा ना. ऊन आहे तोवर भरडून पोती भरून ठेवा, पोत्यातली दाळ ना बीएमएस (बॅटरी सांभाळणारं सर्किट) मागते ना वॉरंटी. ज्याचं दुधाचं बल्क कूलर आहे त्यानं दिवसा दूध थंड करून ठेवावं, बर्फ जमवून ठेवणाऱ्या टाक्या येतात त्या पाहाव्या, बॅटरी नंतर.

यासाठी लोकांची सवय बदलावी लागली ते काम सोलर बसवण्यापेक्षा अवघड निघालं. आमच्याकडे माणूस वावरातून आल्यावर संध्याकाळी तूर घेऊन येतो. मी सांगणं सुरू केलं, सकाळी टाकून जा, संध्याकाळी दाळ घेऊन जा. शेजारच्या गावचे एक आजोबा ऐकायलाच तयार नाहीत, "माही तूर, माह्या डोयासमोर दाय झाली पाह्यजे, मंग रात झाली तं झाली." त्यांचं पण चूक नाही, माल बदलल्याचे किस्से सगळ्यांनीच ऐकले आहेत. मग पोत्याला नंबरची चिठ्ठी, आधीचं वजन अन् नंतरचं वजन समोर लिहून देणं, असं करत करत बहुतेक लोक सकाळच्या पाळीला आले. आजोबा अजून पण बसूनच राहतात, फक्त आता दुपारी बसतात अन् डबा घेऊन येतात.

युनिट किती निघतात? वर्षाची सरासरी किलोवॅटला दिवसाचे चार युनिट म्हणतात, त्या हिशोबानं दहाचे चाळीस, ते बरोबर आहे. मार्चमध्ये स्वच्छ दिवशी पन्नासला टेकते, ऑगस्टच्या झडीत पंधरा-वीस वर पण येते. मे महिन्यात जास्त ऊन म्हणून जास्त वीज असं वाटत असेल तर ते विसरा. पॅनलवर लिहिलेले वॅट २५ डिग्रीला मोजलेले असतात. अकोला-अमरावतीत बाहेर ४५ असते तेव्हा टिनावरचं पॅनल ६५-७० ला जाते, अन् प्रत्येक डिग्रीला साधारण ०.३५ टक्का घट धरली तर पंधरा टक्के तिथंच गेले. आमचे सगळ्यात चांगले दिवस फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात, नेमका तुरीचा हंगाम, हे नशीब समजा.

बॅटरीचं उन्हाळ्यात जे झालं ते लिहिणं जरूरी आहे. व्हेंडरनं बॅटऱ्या रोलरच्या बाजूच्या टिनाच्या खोलीत लावल्या, केबल कमी लागते म्हणून. मे महिन्यात दुपारी दोनला बॅटरी बंद, ॲपवर ओव्हर टेंपरेचर. बॅटरी खराब नव्हती, बीएमएस तिला वाचवत होता, पण ज्या वेळी लाईन जायची तेव्हाच ती झोपायची मग उपयोग काय. फोन केला तर म्हणे कूलर लावा. कूलरची ओली हवा अन् त्यात आमच्या खाऱ्या पाण्याचा कूलर, बॅटरी अन् इन्व्हर्टरच्या खोलीत? शेवटी शेजारच्या जुन्या घराची मातीच्या जाड भिंतीची खोली आहे, तिच्यात बॅटऱ्या हलवल्या, उत्तरेच्या खिडकीत एक्झॉस्ट लावला, केबल जाड टाकावी लागली अन् त्याचे पैसे आम्हीच भरले. त्यानंतर ट्रिप नाही. जुन्या ट्यूब्युलर बॅटऱ्यांना पण उष्णता सोसत नाही, उलट त्या गपचूप मरतात अन् पाणी पीत राहतात, लिथियम निदान सांगून बंद होते.

आता खारपाणपट्टावाल्यांसाठी, म्हणजे ज्यांच्या बोअरला खारं पाणी आहे त्यांच्यासाठी खास. इथं पॅनल धुणं हा वेगळाच विषय आहे. दालमिलवर तुरीचा भुसा उडते, तो पीठासारखा बारीक असते अन् रात्रीच्या दवात काचेवर लेप होऊन बसते. आठ दिवस नाही पुसलं तर ॲपवरचा आकडा पन्नासच्या जागी चाळीसला येते. मग माणूस बोअरचा पाईप लावून धुतो, अन् पाणी वाळल्यावर काचेवर पांढरे डाग, क्षार! दोन-चार वेळा तसंच धुतलं की डाग वायपरनं पण निघत नाहीत. आम्ही आता पावसाचं पाणी टाकीत धरतो, ते संपलं की नळ योजनेचं गोडं पाणी, अन् तेही सकाळी सूर्य वर यायच्या आत, तापलेल्या काचेवर थंड पाणी टाकू नका. आर्थिंगचं पण तसंच आहे, काळी माती उन्हाळ्यात इतकी भेगाळते की रॉडच्या बाजूनं हात जाईल, अन् खाऱ्या मातीत साधं लोखंड लवकर खाते. वीज पडायचा भाग आहे आपला, आर्थिंगमध्ये पैसे वाचवू नका, एसी, डीसी अन् लाइटनिंग अरेस्टरचा खड्डा वेगळा वेगळा करून घ्या.

अन् वानरं. यांचा उल्लेख कोणत्याच ब्रोशरमध्ये नाही. टोळी येते, पॅनलवरून उड्या मारते, काच काही फुटली नाही, पण खाली लोंबणाऱ्या वायरी ओढून एक कनेक्टर सोडवला होता अन् पॅनलची अर्धी लाईन बंद. सगळ्या वायरी पाईपात घालून घ्या, लोंबती एक पण ठेवू देऊ नका. गारपीट अजून मोठी झाली नाही, पॅनलची टेस्ट २५ मिलिमीटरच्या गारेची असते, त्याच्यापेक्षा मोठी पडली तर विमा पाहिजे, आम्ही मिलच्या विम्यात सोलर वेगळं लिहून घेतलं.

व्हेंडरचं नाव लिहीत नाही, भांडण नको. पैसे घेईपर्यंत दिवसातून दोन फोन, नंतर फोन उचलायला दोन दिवस. टिनाला भोकं पाडताना रबरी वॉशर टाकले नाहीत, पहिल्या पावसात तुरीच्या पोत्यावर धार लागली, ते आमच्या वायरमन पोरानं नीट केलं. नेट मीटरचं (घेतलेली अन् लाईनीत दिलेली वीज मोजणारं मीटर) पण समजावून सांगितलं नाही. सोलर आपल्या मंजूर लोडपेक्षा मोठं बसवता येत नाही, अन् जास्तीची युनिट पुढच्या बिलात वळती होतात पण ३१ मार्चला जी शिल्लक राहतात त्याचा भाव फार कमी भेटते, म्हणून वीज विकून कमवायच्या भानगडीत पडू नका. टीओडी (वेळेप्रमाणे भाव लावणारं) मीटर असेल तर सकाळी ९ ते ५ वीज स्वस्त अन् संध्याकाळी महाग, हे पण आधी समजून घ्या, सोलरची बचत त्याच स्वस्त तासात मोजली जाते. बिल शून्य होत नाही, फिक्स चार्ज भरावाच लागते.

कोणी घ्यावं? ज्याच्या मशीनमध्ये माल अडकते, म्हणजे दालमिल, तेलघाणी, मसाला कांडप, त्यानं हायब्रिड घ्यावं अन् बॅटरी लहान. पिठाच्या गिरणीवाल्याची लाईन जरा बरी असेल तर ऑनग्रिडच घ्यावं, अडकलेलं पीठ काढणं सोपं असते. झेरॉक्स-ऑनलाइनवाल्याला एवढं मोठं काही लागत नाही, दोन किलोवॅट अन् एक बॅटरी, दिवसभर चालते.

पॅनल अन् इन्व्हर्टर पाच स्टार, बॅटरी साडेतीन, व्हेंडर दीड, अन् तो अर्धा पण इन्व्हर्टरचं ॲप मोबाईलवर लावून दिलं म्हणून. परवा त्याचाच फोन आला होता, ऑफर आहे म्हणे, आणखी एक बॅटरी टाका. नाही टाकत. तेवढ्या पैशात रोलरवर भुसा ओढणारं सायक्लोन बसवतो, पॅनल तरी स्वच्छ राहतील अन् पोरांच्या छातीत धूळ जाणार नाही.